जुन्या एक्सकॅव्हेटरचं हायड्रोलिक ऑइल सारखं तापतंय? दोष असा शोधा

सकाळी मशीन झकास चालतं. दोन तासांनी तेच मशीन ढिलं पडतं, खोदताना दम सोडतं, गेजचा काटा लाल पट्ट्याकडे सरकतो आणि ऑपरेटर मशीन बाजूला उभं करून ते थंड व्हायची वाट बघत बसतो. तासाभराने पुन्हा तेच. जुन्या मशीनच्या तक्रारींमध्ये ही सगळ्यात हट्टी तक्रार आहे. तिच्यावरचे उपायही ठरलेले असतात: आधी ऑइल बदला, मग फिल्टर, मग मोठा कूलर बसवा आणि शेवटी पंप उतरवा. यातला प्रत्येक उपाय कुठल्या ना कुठल्या मशीनवर बरोबर ठरलेला असतो. पण आपल्या मशीनवर तो बरोबर आहे का, हे मोजून न बघता केला की पैसा जातो आणि ताप तसाच राहतो.

म्हणून माझा आग्रह आहे की पाना उचलायच्या आधी टेम्परेचर गन (लांबूनच तापमान मोजणारं यंत्र) उचला. ऑइलमधली उष्णता कुठल्या तरी ठरावीक जागी तयार होत असते, आणि ती जागा आजूबाजूपेक्षा जास्त गरम असते. मशीन स्वतःच दोष दाखवत असतं, ते बघायची पद्धत तेवढी हवी.

उष्णता येते कुठून

पंपाने दाब दिलेलं ऑइल सिलिंडर किंवा मोटर हलवतं तेव्हा त्याची ताकद कामात जाते. तेच ऑइल काम न करता एखाद्या फटीतून टाकीकडे निसटलं, की सगळी ताकद उष्णता होऊन ऑइलमध्येच राहते. हिशोब सोपा आहे. मिनिटाला निसटणारे लिटर गुणिले बारमधला दाब, भागिले ६००, की किलोवॅट मिळतात. रिलीफ व्हॉल्व्हमधून (दाब मर्यादेबाहेर गेला की ऑइल टाकीकडे सोडणारा व्हॉल्व्ह) मिनिटाला फक्त २० लिटर ऑइल ३३० बारवर निसटत असेल, तर ११ किलोवॅट उष्णता तयार होते. २ किलोवॅटचे पाच गिझर टाकीत सतत चालू ठेवल्यासारखं हे आहे. मिनिटाला ४०० लिटरच्या आसपास ऑइल देणाऱ्या मशीनमध्ये २० लिटरची गळती कामाच्या वेगात फारशी जाणवत नाही. तापमानात मात्र लगेच जाणवते.

दुसरा आकडा पाठच करून ठेवा. ऑइलचा दाब १०० बारने वाया गेला की ते ऑइल साधारण ६ अंशांनी तापतं. म्हणजे ३३० बारवरून थेट टाकीच्या दाबावर आलेलं ऑइल त्या फटीतून बाहेर पडताना १९-२० अंशांनी जास्त गरम असतं. गळका व्हॉल्व्ह गनने सापडतो तो या फरकामुळे.

एकदा ताप सुरू झाला की तो स्वतःलाच वाढवतो. व्हीजी ४६ ऑइल ४० अंशांना ४६ सेंटिस्टोक (ऑइलच्या घट्टपणाचं माप) असतं. ८० अंशांना ते ११-१२ वर येतं आणि १०० अंशांना ७ च्या आसपास. पिस्टन पंपाला साधारण १० च्या खालचं ऑइल मानवत नाही. ऑइल पातळ झालं की प्रत्येक फटीतून जास्त निसटतं, जास्त निसटलं की आणखी तापतं. म्हणून मशीन ७५ अंशांपर्यंत हळूहळू चढतं आणि तिथून पुढे भराभर चढतं. रोजच्या कामात ५० ते ८० अंश ही ठीक पातळी. ८२-८३ च्या वर सतत राहिलं तर सील कडक व्हायला लागतात, आणि पुढे प्रत्येक १० अंशांना ऑइलचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

आधी खात्री करा, खरंच तापलंय का

जुन्या मशीनचा गेज हा फक्त एक साक्षीदार आहे, त्याच्यावर निकाल देऊ नका. टाकीच्या भिंतीवर, ऑइलच्या पातळीच्या खाली, काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि गनने त्या टेपवरच मोजा. चकचकीत पाइप किंवा क्रोम रॉडवर गन मारली तर आकडा खूप कमी येतो, कारण चकचकीत धातू आजूबाजूची उष्णता परावर्तित करतो. टेपवर किंवा मळकट रंगावर आकडा भरवशाचा येतो. पुढच्या सगळ्या चाचण्यांसाठी कूलरची इनलेट, आउटलेट, टाकी, पंपाची केस ड्रेन (पंपाच्या आत झिरपलेलं ऑइल टाकीत नेणारी नळी), दोन्ही ट्रॅव्हल मोटरचे (चेन फिरवणाऱ्या मोटर) ड्रेन होज आणि कंट्रोल व्हॉल्व्हवरचा प्रत्येक रिलीफ, या सगळ्या जागी असे तुकडे आधीच लावून ठेवा. रोज त्याच जागी मोजलं तरच तुलना करता येते.

टाकी ६५ अंश आणि डिस्प्ले ९५ दाखवत असेल तर दोष सेन्सर, वायर किंवा कनेक्टरचा आहे. हे सेन्सर बहुतेक एनटीसी प्रकारचे असतात, म्हणजे तापमान वाढलं की त्यांचा रेझिस्टन्स कमी होतो. वायर बॉडीला लागून शॉर्ट झाली की सिस्टीमला वाटतं ऑइल उकळतंय. वायर तुटली की वाटतं ऑइल गार आहे. सेन्सर काढून गरम पाण्यात धरा, थर्मामीटर आणि मल्टिमीटर दोन्ही बघा आणि मॅन्युअलमधल्या तक्त्याशी ताडून पाहा. कोड वाचता येत असतील तर एसपीएन (तक्रार कशाची ते सांगणारा नंबर) १६३८ हा हायड्रोलिक तापमानाचा. त्यासोबत एफएमआय (बिघाड कुठल्या प्रकारचा ते सांगणारा नंबर) ३ किंवा ४ आला तर तक्रार सर्किटची, ० किंवा १६ आला तर तापमान खरंच जास्त मोजलं गेलंय.

इथे एक फसवा प्रकार आहे, तो नीट समजून घ्या. पंख्याचा वेग तापमानानुसार बदलणाऱ्या मशीनमध्ये सेन्सरच्या कनेक्टरला हिरवट गंज चढला की रेझिस्टन्स थोडा वाढतो. कंट्रोलरला ऑइल आहे त्यापेक्षा गार वाटतं, पंखा मंदच फिरत राहतो, आणि ऑइल खरोखर तापतं. कोड येत नाही, कारण आकडा मर्यादेतच असतो. डिस्प्लेवर ७०, टाकीवर ८८, पंखा आरामात फिरतोय असं दिसलं, तर पंपाकडे वळूसुद्धा नका. कनेक्टर उघडा, साफ करा, पिना घट्ट करा आणि पुन्हा मोजा.

बाहेरच्या हवेचा हिशोब

कूलर किती उष्णता फेकतो हे ऑइल आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकावर ठरतं. हवा ३० अंश असताना त्याच कामावर ऑइल ८० ला स्थिर होत असेल, तर हवा ४२ झाल्यावर ते ९२ च्या आसपास जाणारच. उन्हाळा लागला की अशी तक्रार आली तर मशीनमध्ये नवीन बिघाड झालेला नसतो, थंडीत झाकलेली कमतरता फक्त वर आलेली असते. म्हणून वहीत नुसतं ऑइलचं तापमान लिहू नका. ‘हवेपेक्षा किती वर’ हा आकडा लिहा. मागच्या महिन्यात ४५ वर होतं आणि आता ५८ वर आहे, तर काही तरी बदललंय हे नक्की.

पहिला फाटा: इंजिनचं पाणीही तापतंय का

रेडिएटर आणि ऑइल कूलर दोघांना एकाच पंख्याची हवा मिळते. दोन्ही तापत असतील तर हवेचा रस्ता तपासा. पाणी नॉर्मल आणि फक्त ऑइल तापतंय, तर ऑइलच्या बाजूला शोधा. याला अपवाद असतात. बाजूबाजूला लावलेल्या कूलरमध्ये फक्त ऑइलची जाळी बुजलेली असू शकते. पण सुरुवातीला हा प्रश्न विचारला की निम्मी धावपळ वाचते.

हवेची बाजू

कूलर ‘साफ केलाय’ हे ऐकून पुढे जाऊ नका. इंजिन बंद करून एका बाजूने टॉर्च धरा आणि दुसऱ्या बाजूने बघा. जाळीतून उजेड सगळीकडून सारखा दिसला पाहिजे. दोन जाळ्या एकामागे एक असतील तर खरी घाण त्यांच्या मधल्या फटीत गादीसारखी बसलेली असते. बाहेरची जाळी चकाचक, आतली बंद. एसीचा कंडेन्सर स्क्रू काढून पुढे झुकवल्याशिवाय ती दिसतच नाही. सुकी धूळ असेल तर हवा ज्या दिशेने आत जाते तिच्या उलट दिशेने, नोझल सरळ आणि लांब धरून फुंका. ऑइलचा चिकट थर असेल तर आधी डीग्रीझर मारा, थांबा, मग कमी दाबाचं पाणी. प्रेशर वॉशर जवळून मारला की नाजूक पत्रे आडवे पडतात आणि जाळी कायमची अर्धी बंद होते. विकण्याआधी धुतलेल्या मशीनमध्ये हे फार बघायला मिळतं, मशीन दिसायला चकचकीत आणि कूलरचे पत्रे चुरगळलेले.

हवा ओढली जातेय का, हे बघायला एक साधा कागद पुरतो. इंजिन फुल थ्रॉटलवर ठेवून बाहेरच्या जाळीवर ठिकठिकाणी कागद लावून बघा. जिथे तो चिकटून राहत नाही तिथून हवा जात नाही. हे फक्त बाहेरच्या जाळीवर करा, पंख्याच्या बाजूला हात न्यायचा नाही.

पट्टा सैल आहे का, पंख्याचं पातं उलटं बसवलंय का, रिव्हर्स होणारा पंखा उलट दिशेला अडकलाय का, हे लगेच कळतं. कमी लक्ष जातं ते फोमच्या पट्ट्यांकडे. कूलर आणि बॉडीच्या मधल्या फटी बुजवणाऱ्या या पट्ट्या दुरुस्तीत फाटतात आणि पुन्हा कोणी लावत नाही. मग इंजिनकडची गरम हवा त्या फटीतून फिरून परत कूलरच्या तोंडाशी येते. जाळी स्वच्छ, पंखा जोरात, तरी कूलरला मिळते तापलेली हवा. कूलरच्या समोर, आत शिरणाऱ्या हवेचं तापमान थर्मामीटरने मोजा. ते बाहेरच्या हवेपेक्षा बरंच जास्त आलं तर आधी फटी बुजवा. पंख्याभोवतीची श्राउड (हवेला वाट देणारं आवरण) तडकलेली असेल तरी असंच होतं.

कूलरमधून ऑइल जातंय का

हवेची बाजू ठीक निघाली तर मशीन कामावर तापवा आणि इनलेट-आउटलेटच्या टेपवर मोजा. इथे बहुतेकांचा अर्थ उलटा लागतो. कूलरमधून मिनिटाला २०० लिटर ऑइल जात असेल आणि तो ३० किलोवॅट उष्णता फेकत असेल, तर ऑइल फक्त ५ अंशांच्या आसपास गार होतं. म्हणजे ५-८ अंशांचा फरक दिसला तर कूलर आपलं काम करतोय. फरक १-२ अंशच असेल आणि ऑइल खूप तापलेलं असेल, तर ऑइल जातंय पण हवा ते गार करत नाहीये. आणि फरक २५ अंश दिसला म्हणून खूश होऊ नका. टाकी ९५ वर आणि कूलरच्या बाहेर ७० असेल, तर त्यातून जाणारं ऑइल थोडंच आहे, ते निवांत गार होतंय, आणि बाकीचं दुसऱ्या वाटेने टाकीत पडतंय.

ती दुसरी वाट म्हणजे बायपास चेक व्हॉल्व्ह. ऑइल थंड आणि घट्ट असताना कूलर फुटू नये म्हणून तो उघडतो. त्याची स्प्रिंग मोडली किंवा सीटवर कचरा अडकला की तो कायमचा उघडा राहतो. जुन्या मशीनमध्ये हा कचरा कुठून येतो हे बघणं महत्त्वाचं आहे. मागे कधी तरी पंप किंवा मोटर फुटलेली असते, नवीन बसवलेली असते, पण लाइन आणि कूलर फ्लश केलेले नसतात. धातूचा चुरा कूलरच्या बारीक नळ्यांत आणि या व्हॉल्व्हच्या सीटमध्ये बसून राहतो. व्हॉल्व्ह काढून स्प्रिंग बघायला फार वेळ लागत नाही. नवा कूलर मागवायच्या आधी हे केलंच पाहिजे.

आता उष्णता तयार करणारी बाजू

थंड करणारी बाजू निर्दोष निघाली की मगच इकडे या. आधी न्यूट्रल चाचणी. ऑइल ५० अंशांपर्यंत आणा, ऑटो आयडल (काम नसताना इंजिन आपोआप मंद करणारी सोय) बंद करा, इंजिन फुल थ्रॉटलवर ठेवा, बकेट जमिनीवर, सेफ्टी लिव्हर लॉक, कुठल्याही लिव्हरला हात नाही. वीस मिनिटं बघा. निरोगी मशीनमध्ये काम नसताना पंप आपला फ्लो कमी करतो, त्यामुळे तापमान स्थिरावतं. ते चढतच राहिलं तर पंप न्यूट्रलमध्येही भरपूर ऑइल फिरवतोय. ४०० लिटर ऑइल ३५ बारवर नुसतं फिरत राहिलं तरी २३ किलोवॅट उष्णता होते. अशा वेळी पंप खराब आहे असं लगेच समजू नका. बऱ्याचदा पंपाला ‘फ्लो कमी कर’ सांगणारा सिग्नलच पोहोचत नसतो. निगेटिव्ह कंट्रोलच्या (हा सिग्नल नेणाऱ्या) पाइपची गळती, पंपाचा फ्लो ठरवणाऱ्या रेग्युलेटरमधला अडकलेला स्पूल (आतला सरकणारा दांडा), प्रोपोर्शनल सोलेनॉइडची सैल पिन, ही कारणं पंप उघडण्याच्या आधी तपासायची. लोड सेन्सिंग मशीनमध्ये (कामाला लागेल तेवढंच ऑइल देणाऱ्या) कोणी तरी ‘ताकद वाढावी’ म्हणून मार्जिनचा (कामाच्या दाबापेक्षा पंपाने किती जास्त दाब ठेवायचा त्याचा) स्क्रू पिळून ठेवलेला असतो. त्याने ताकद वाढत नाही, उष्णता वाढते.

न्यूट्रलमध्ये मशीन ठीक राहिलं तर एकेक काम वेगळं करून बघा. आधी फक्त बूम-आर्म-बकेट, ऑइल पुन्हा पहिल्या तापमानावर येऊ द्या, मग फक्त स्विंग (वरचा भाग फिरवणं), मग फक्त ट्रॅव्हल (मशीन चालवत नेणं). प्रत्येक वेळी सुरुवातीचं तापमान आणि वेळ सारखी ठेवा. एका कामाला तापमान भराभर चढलं की शोधाचं क्षेत्र तिथेच मर्यादित होतं.

फक्त ट्रॅव्हलमध्ये तापत असेल तर सुरुवात चेनपासून करा. चेन गरजेपेक्षा ताणलेली असेल, रोलरमध्ये माती दगडासारखी बसली असेल, तर मोटरला सतत जास्त दाब लागतो. त्यानंतर ब्रेक पूर्ण सुटतोय का ते बघा. त्यानंतर डाव्या आणि उजव्या मोटरचा केस ड्रेन. जुन्या मशीनवर याच्याइतका चांगला मापदंड मिळत नाही: एकाच वयाच्या, एकाच कामाच्या दोन मोटर शेजारी आहेत. एकीचा ड्रेन होज दुसरीपेक्षा १५ अंश गरम असेल तर मॅन्युअल उघडायचीही गरज नाही. दोन्ही सारख्या असून मशीन एका बाजूला ओढत असेल, तर सेंटर जॉइंटच्या (फिरणाऱ्या वरच्या भागातून खालच्या मोटरकडे ऑइल नेणारा सांधा) सीलकडे वळा. तिथे आतल्या आत प्रेशरचं ऑइल ड्रेनच्या खाचेत निसटतं आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही.

स्विंगमध्ये तापत असेल तर पार्किंग ब्रेक अर्धवट सुटणं आणि स्विंग मोटरचे रिलीफ, हे दोन आधी.

खोदकामात तापत असेल तर कंट्रोल व्हॉल्व्हवरचे रिलीफ एकेक करून गनने मोजा, तेही मशीन थांबवल्यावर लगेच, कारण मिनिटभरात उष्णता सगळ्या ब्लॉकमध्ये पसरते. एक रिलीफ शेजारच्यापेक्षा ठळक गरम असेल तर त्याच पार्ट नंबरच्या आणि त्याच सेटिंगच्या दुसऱ्या रिलीफशी त्याची अदलाबदल करा. गरम जागा रिलीफबरोबर सरकली तर दोष त्या रिलीफचा, सरकली नाही तर स्पूल किंवा सीटचा. मेन रिलीफचा दाबही गेज लावून बघा. २० टनी मशीनमध्ये तो साधारण ३४.३ मेगापास्कल, म्हणजे ३४३ बार असतो. तो ३०० ला उतरला असेल तर कडक मातीत प्रत्येक घासाला रिलीफ उघडतो आणि ऑपरेटर लिव्हर ओढून धरतो तेवढा वेळ ऑइल तापत राहतं. रिलीफवर मशीन धरायचं ते फक्त मोजण्यापुरतं, काही सेकंद.

सिलिंडरच्या सीलवर लोक फार लवकर संशय घेतात. माझ्या मते तो यादीत खाली असावा. सिलिंडर आतून गळत असेल तर त्याच एका कामाची ताकद आधी कमी होते आणि ते ऑपरेटरला जाणवतं. बूम आपोआप खाली सरकतो म्हणूनही लगेच सील किट मागवू नका, होल्डिंग व्हॉल्व्ह (बूम जागेवर धरून ठेवणारा) आणि स्पूलची गळतीही अशीच दिसते.

पंपावर शिक्का मारण्याआधी

पंप झिजला असेल तर मशीन थंड असताना सगळी कामं ठीक आणि गरम झाल्यावर त्या पंपावरची सगळीच कामं मंद होतात. घड्याळ लावून मोजा: बूम खालून वर जायला लागणारा वेळ, स्विंगचे तीन फेरे, चेन उचलून तीन फेरे. ऑइल ४५ अंश असताना एकदा आणि ८० ला एकदा. आकडे जवळपास सारखे असतील तर पंपाला हात लावायचं कारण नाही. बराच फरक असेल तर दोन मेन पंपांच्या आउटलेट होजची अदलाबदल करा. मंदपणा दुसऱ्या कामांकडे गेला तर पंप, तिथेच राहिला तर व्हॉल्व्हची बाजू.

फ्लो मीटर लावणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. या पंपांवर हॉर्सपॉवर कंट्रोल असतो, त्यामुळे दाब वाढला की फ्लो मुद्दाम कमी केला जातो. जास्त दाबाला फ्लो पडला म्हणून चांगले पंप उतरवले गेलेले मी पाहिले आहेत. मॅन्युअलमधला दाब-फ्लोचा आलेख समोर ठेवून, गरम ऑइलवर, दोन्ही पंपांची एकमेकांशी तुलना करा.

केस ड्रेनचं ऑइल मापाच्या भांड्यात मिनिटभर घेऊन मोजणं ही सगळ्यात खात्रीची चाचणी. ती करताना ड्रेनचं तोंड पंपाच्या बाजूने कधीही बंद करायचं नाही. ड्रेन बंद करून पंप फिरवला की शाफ्ट सील उडतं आणि पुढचं नुकसान वेगळं. चाचणीनंतर केस ऑइलने भरूनच इंजिन चालू करा. आणि हे मनापासून सांगतो, ९० अंशांच्या ऑइलजवळ घाई नको. होज सोडण्याआधी इंजिन बंद, बकेट जमिनीवर, लिव्हर सगळीकडे फिरवून दाब सोडा, टाकीचा दाब सोडा. बारीक गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठा धरा. ३०० बारची धार कातडीतून आत शिरते, वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं आणि आतून हात जातो. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं.

ब्रेकर लावलेली मशीन

मशीन खोदताना ठीक आणि ब्रेकरवरच (दगड फोडणाऱ्या हातोड्यावरच) तापत असेल तर आधी बूमवरचे स्टॉप व्हॉल्व्ह बघा. ते अर्धवट उघडे राहिले की ऑइल अरुंद जागेतून ढकललं जातं आणि व्हॉल्व्हची बॉडी भाजते. हँडल पूर्ण फिरलंय असं वाटतं, आतला बॉल तिरकाच असतो. नंतर कपलर पूर्ण बसलेत का, रिटर्न लाइनचा व्यास लहान तर नाही ना, ब्रेकरला लागणाऱ्या फ्लोपेक्षा जास्त ऑइल सोडलं जातंय का, ब्रेकरचा नायट्रोजन बरोबर आहे का. रिटर्न कंट्रोल व्हॉल्व्हमधून फिरून जाण्यापेक्षा सरळ कूलर आणि फिल्टरकडे जायला हवी. ब्रेकरवर राबलेल्या मशीनमध्ये ऑइल आणि फिल्टर बदलायचे तास बरेच कमी होतात. मॅन्युअलमध्ये त्याचा वेगळा तक्ता असतो आणि जुन्या मालकाने तो पाळलाय असं गृहीत धरू नका.

ऑइल काय सांगतं

पातळी बघताना बूम-आर्म मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्थितीतच हवेत. सिलिंडर किती बाहेर आहेत त्यावर पातळी बरीच बदलते. ऑइल कमी असेल तर ते टाकीत थांबत नाही आणि हवा ओढली जाते.

ऑइल दुधासारखं दिसलं तर काचेच्या बाटलीत तासभर ठेवा. तळाकडून स्वच्छ होत गेलं तर हवा होती, सक्शन होजचे क्लॅम्प तपासा. तसंच राहिलं तर पाणी आहे. तापलेल्या पत्र्यावर थेंब टाकला की पाणी असलेलं ऑइल तडतडतं. रिटर्न फिल्टर बदलताना जुना कापून घड्या उघडून बघा. पितळी चमक म्हणजे पंप किंवा मोटरचं पोट झिजतंय, चुंबकाला लागणारे कण म्हणजे बेअरिंग किंवा स्टीलचे भाग, काळे रबरी तुकडे म्हणजे सील. टाकीचा ब्रीदर बुजलेला असला तरी पंप आवाज करतो, तोही याच वेळी बदला.

विकत घेताना

तापमानाचा दोष थंड मशीनमध्ये दिसत नाही. पंधरा मिनिटं चालवून दाखवलेलं मशीन या बाबतीत काहीच सांगत नाही. दोन तास खऱ्या कामावर चालवायला मागा, आणि पोहोचाल तेव्हा इंजिन गार आहे का ते हात लावून बघा. आधीच तापवलेलं असेल तर थंडपणीचं आणि गरमपणीचं मोजमाप ताडून बघायची संधी गेलेली असते. डिस्प्लेवरचं तापमान गनशी जुळतं का बघा. सेन्सरच्या जागी ठरावीक रेझिस्टर जोडलेलं मशीन दिवसभर तोच आकडा दाखवतं.

टाकीत कोणतं ऑइल आहे हेही विचारा, शक्य असेल तर नमुना तपासायला पाठवा. झिजलेल्या पंपाच्या मशीनमध्ये विकण्याआधी जाड ऑइल भरलं जातं. गळती काही दिवस झाकली जाते, सकाळी मात्र पंप ऑइल ओढताना कण्हतो आणि लिव्हर उशिरा ऐकतात. मूळ कूलरपेक्षा मोठा किंवा जोडीला दुसरा कूलर दिसला तर तो का लावला हे विचारा. उष्णता कुठे तयार होते हे न शोधता ती फेकायची सोय वाढवलेली असू शकते, आणि आतली गळती तोवर वाढतच असते.

दुरुस्ती झाल्यावर त्याच टेपच्या तुकड्यांवर, त्याच कामावर, तेवढाच वेळ मशीन चालवून सगळे आकडे पुन्हा घ्या आणि ‘हवेपेक्षा किती वर’ हे वहीत लिहा. बरेच दिवस ९० च्या वर चाललेलं ऑइल काळपट आणि जळका वास असलेलं असेल तर ते टाकून द्या. काही फुटलेलं असेल तर टाकी, लाइन आणि कूलर फ्लश केल्याशिवाय नवीन ऑइल भरू नका, आणि पहिला रिटर्न फिल्टर मॅन्युअलच्या तासांची वाट न बघता लवकर काढून कापून बघा.